कंपोझर कसा निवडतो

टर्मिनल उघडून 'कंपोझर क्रिएट-प्रोजेक्ट लारावेल/लारावेल दुकान' एवढी ओळ टाईप केली आणि एंटर दाबलं, की कंपोझर हे पीएचपीची पॅकेजं आणून देणारं साधन कामाला लागतं आणि पडद्यावर ओळींची रीघ लागते. पॅकेजचं नाव, आवृत्तीचा आकडा, पुढच्या पॅकेजचं नाव, पुन्हा आकडा. इंटरनेट बरं असेल तर थोड्याच वेळात सगळं थांबतं आणि 'दुकान' नावाचा फोल्डर तयार झालेला असतो. त्यात शिरून 'पीएचपी आर्टिझन सर्व्ह' ही कमांड दिली की ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८००० या पत्त्यावर लारावेलचं स्वागताचं पान उघडतं. (या प्रकरणातल्या कमांड आणि फाईलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाईप करायची.) शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ इथून लगेच राउट, कंट्रोलर आणि डेटाबेसकडे वळतात.

मला इथेच जरा रेंगाळायचं आहे. आपण मागितलं एकच फ्रेमवर्क, आणि 'व्हेंडर' फोल्डरमध्ये येऊन बसली शंभराच्या आसपास पॅकेजं. त्यांतल्या बहुतेकांच्या कितीतरी आवृत्त्या उपलब्ध होत्या. प्रत्येकाची नेमकी एक आवृत्ती उचलली गेली, आणि उचललेल्या सगळ्या आवृत्त्या एकमेकींशी जुळतात. ही निवड कोणी केली, कशाच्या आधाराने केली आणि तिची नोंद कुठे राहिली, हे एकदा नीट समजलं, तर पुढे लारावेल वापरताना अडवणाऱ्या कित्येक गोष्टींचं मूळ दिसू लागतं. हे समजून न घेता नुसती ओळ उतरवून घेणारे विद्यार्थी पहिल्या लाल संदेशाला हताश होतात, आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतात.

रासमुस लेर्डोर्फ यांनी पीएचपीची साधनं जाहीर केली १९९५मध्ये. त्यानंतर बराच काळ पीएचपीत दुसऱ्याचं काम वापरण्याची रीत हातानेच चालायची. एखादी लायब्ररी हवी असेल तर तिच्या संकेतस्थळावरून झिप फाईल उतरवायची, ती उलगडून आपल्या 'लिब' फोल्डरमध्ये टाकायची आणि कोडच्या माथ्यावर 'इन्क्लूड'च्या ओळी लिहायच्या. त्या लायब्ररीला आणखी एखादी लायब्ररी लागत असेल तर तीही शोधायची. कोणत्या आवृत्तीबरोबर कोणती आवृत्ती चालते, हे ज्याने ते बसवलं त्याच्या डोक्यात असायचं. तो माणूस कंपनी सोडून गेला की ते ज्ञानही जायचं.

यावर उपाय म्हणून १९९९च्या सुमारास स्टिग बाकेन यांनी 'पेअर' सुरू केलं. नवं पॅकेज घेण्याआधी तिथे प्रस्ताव मांडला जाई, मतदान होई, आणि त्यामुळे दर्जा सांभाळला जाई. पण पेअरची पॅकेजं सहसा साऱ्या यंत्रासाठी मिळून एकाच जागी बसत. त्या यंत्रावर दोन प्रकल्प असले आणि एकाला जुनी आवृत्ती, दुसऱ्याला नवी हवी असली, की पंचाईत. शिवाय पीएचपीत तोवर नेमस्पेस नव्हते. दोन लायब्ऱ्यांनी आपापल्या क्लासला 'लॉगर' असं नाव दिलं तर दोन्ही एकत्र नांदू शकत नसत. म्हणून झेंड फ्रेमवर्कसारख्या ठिकाणी 'झेंड_लॉग_रायटर_स्ट्रीम' अशी लांबलचक नावं ठेवावी लागत.

३० जून २००९ला पीएचपी ५.३ आली आणि तिच्यासोबत नेमस्पेस आले. त्याच वर्षी निरनिराळ्या फ्रेमवर्कची माणसं एकत्र बसली आणि क्लासच्या नावावरून त्याची फाईल कशी शोधायची याचा एक सामाईक नियम त्यांनी ठरवला. पुढे तो सुधारून 'पीएसआर-४' या नावाने रूढ झाला. पीएचपीच्या इतिहासात या नियमाला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही, असं माझं मत आहे. एकमेकांना न भेटलेल्या माणसांचा कोड एका फोल्डरमध्ये गुण्यागोविंदाने राहू शकेल, ही सोय या कराराने झाली. कंपोझर आला तो त्यानंतर. नील्स आडरमान आणि जोर्डी बोगियानो या दोघांनी २०११मध्ये त्याचं काम हाती घेतलं आणि १ मार्च २०१२ला तो पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला. नोडचा एनपीएम आणि रूबीचा बंडलर हे त्यांच्यासमोर होतेच. पॅकेजं साऱ्या यंत्रासाठी एकदाच न बसवता प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरात त्याची स्वतंत्र बसवायची, ही पद्धत त्यांनी तिथून घेतली.

लारावेलची सुरुवातही २०११चीच. अमेरिकेतले टेलर ओटवेल कोडइग्नायटर हे फ्रेमवर्क वापरत होते. लॉगिनची व्यवस्था वगैरे गोष्टी त्यात तयार मिळत नव्हत्या, म्हणून त्यांनी स्वतःचं फ्रेमवर्क लिहायला घेतलं. लारावेल ३मध्ये त्याची स्वतःची 'बंडल' नावाची पद्धत होती, म्हणजे लारावेलचे जोड फक्त लारावेलपुरतेच. मे २०१३मध्ये आलेल्या लारावेल ४मध्ये ओटवेल यांनी ती मोडून टाकली. सगळं फ्रेमवर्क नव्याने लिहून त्याचे 'इल्युमिनेट' नावाखाली वेगवेगळे भाग केले आणि ते सगळे कंपोझरच्या हवाली केले. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. स्वतःभोवती कुंपण घालण्याची संधी असताना त्यांनी साऱ्या पीएचपी जगाचं काम वापरायचं आणि आपलं काम त्या जगाला वापरू द्यायचं, असं ठरवलं.

म्हणूनच 'व्हेंडर' फोल्डर उघडून त्यातली नावं वाचणं मला शिक्षणाचा भाग वाटतं. ब्राउझरकडून आलेली विनंती वाचणारा भाग आणि टर्मिनलवरच्या कमांड चालवणारा भाग सिम्फनीचे आहेत. सिम्फनी हे फ्रान्समध्ये वाढलेलं, एका अर्थी लारावेलशी स्पर्धा करणारं फ्रेमवर्क. तारखांचा हिशेब 'कार्बन' करतो, आणि त्यात मराठीचीही भाषा-फाईल आहे. चुकांची नोंदवही ठेवणारं 'मोनोलॉग' हे जोर्डी बोगियानो यांचंच. ज्यांनी पॅकेजं आणून देणारं साधन लिहिलं, त्यांनीच लिहिलेलं एक पॅकेज त्या साधनातून आपल्या यंत्रावर उतरतं.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे वळू. पहिली पायरी कंपोझरच्याही आधीची आहे. टर्मिनलवर 'पीएचपी', एक मोकळी जागा, एक आडवी रेघ आणि 'व्ही' असं टाईप करून आपल्या यंत्रावरची पीएचपी कितवी आहे ते पाहायचं. फेब्रुवारी २०२५मध्ये आलेल्या लारावेल १२ला पीएचपी ८.२ किंवा तिच्यापुढची लागते. विंडोजवर झॅम्प बसवून सुरुवात केलेल्यांना इथे पहिला अडथळा येतो. झॅम्पच्या खिडकीत सगळं हिरवं दिसतं, पण टर्मिनल म्हणतं की पीएचपी नावाची कमांड ओळखीची नाही. कारण पीएचपी ज्या फोल्डरात आहे तो विंडोजच्या 'पाथ' यादीत घातलेला नसतो. कधी एकाच यंत्रावर दोन पीएचपी असतात, वेब सर्व्हर एक वापरतो आणि टर्मिनल दुसरी. कंपोझर टर्मिनलवरून चालतो, म्हणजे त्याला टर्मिनलची पीएचपी दिसते. हा फरक ध्यानात ठेवला तर पुष्कळ गोंधळ टळतो.

त्यानंतर एक्स्टेन्शन. लारावेल मागतं त्या यादीत 'एमबीस्ट्रिंग' आहे, आणि मराठी वाचकाने हे नाव नुसतं ओलांडून पुढे जाऊ नये. पीएचपीचं जुनं 'स्ट्रलेन' फंक्शन बाइट मोजतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे 'मराठी' या शब्दाची लांबी ते १५ सांगतं. 'एमबी_स्ट्रलेन' ५ सांगतं, कारण ते म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं मोजतं. बातमीचा मथळा ठरावीक लांबीवर कापताना बाइटच्या हिशेबाने कापला तर एखाद्या चिन्हाचे तीन बाइट मधोमध तुटतात आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उमटतो. मराठी संकेतस्थळांवर हा चौकोन आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. लारावेलने एमबीस्ट्रिंगची अट आपल्या मागणीपत्रातच लिहून ठेवली आहे, त्यामुळे ते नसेल तर कंपोझर सुरुवातीलाच अडवतो. बहुतेक वेळा एक्स्टेन्शन यंत्रावर असतं, फक्त 'पीएचपी.आयएनआय' फाईलमध्ये त्याच्या ओळीपुढे अर्धविराम असल्याने बंद असतं. तो अर्धविराम काढला की काम झालं. 'झिप' एक्स्टेन्शनही याच वेळी चालू करून घ्यावं. कंपोझर पॅकेजं झिप स्वरूपात आणतो. झिप उघडण्याची सोय सापडली नाही तर तो गिटने अख्खा भांडार-इतिहास उतरवू लागतो, आणि एका मिनिटाचं काम लांबत जातं.

आता मूळ कमांड. ती दिल्यावर कंपोझर 'पॅकेजिस्ट' या सार्वजनिक सूचीकडे जातो. पॅकेजिस्टवर कोड नसतो. कोणतं पॅकेज, त्याच्या कोणत्या आवृत्त्या, प्रत्येकीच्या अटी काय आणि कोड कुठे ठेवला आहे, एवढीच माहिती तिथे असते. कोड बहुतांशी गिटहबवरून येतो. आधी येतो लारावेलचा सांगाडा, म्हणजे फोल्डरांची मांडणी आणि 'कंपोझर.जेसन' ही फाईल. ती फाईल म्हणजे मागणीपत्र. पीएचपी अमुक हवी, लारावेल फ्रेमवर्क १२ हवं, अशा मोजक्या ओळी तिच्यात असतात.

त्या ओळींतल्या आकड्यांपुढे बहुधा एक कॅरेट, म्हणजे वर टोक असलेलं चिन्ह दिसतं. कॅरेट आणि १२.० असं लिहिलं तर अर्थ होतो, १२.० किंवा तिच्यानंतरची कोणतीही आवृत्ती चालेल, पण १३च्या अलीकडची. ही सवलत एका भरवशावर उभी आहे. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी आवृत्त्यांच्या आकड्यांचा एक नियम मांडला. तीन आकड्यांतला शेवटचा वाढला तर फक्त दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय पण जुनं मोडणार नाही, पहिला वाढला तर जुनं मोडू शकतं. लारावेल हा नियम सप्टेंबर २०१९च्या सहाव्या आवृत्तीपासून पाळू लागलं. त्याआधी ५.७वरून ५.८वर जातानाही जुना कोड मोडू शकत असे, म्हणून त्या काळच्या मागणीपत्रांत कॅरेट नसे, '५.८' आणि पुढे तारका असे. एखाद्या कार्यालयात जुना प्रकल्प हाती आला आणि ती तारका दिसली, तर त्यामागचं कारण हे आहे.

मागणीपत्र हातात आलं की खरं कोडं सुरू होतं. फ्रेमवर्कला सिम्फनीचे भाग हवेत, त्या भागांना आणखी भाग हवेत, प्रत्येकाच्या स्वतःच्या अटी. एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या एका प्रकल्पात ठेवता येत नाहीत, कारण पीएचपीत एका नावाचा क्लास एकदाच असू शकतो. शाळेचं वेळापत्रक बसवणाऱ्या शिक्षकांना हे कोडं चटकन कळेल. गणिताचे सर एका तासाला दोन वर्गांवर असू शकत नाहीत, प्रयोगशाळा एकच आहे, शारीरिक शिक्षण जेवणानंतर लगेच नको. सुटी पाहिली तर प्रत्येक अट साधी असते, पण सगळ्या एकदम पाळायच्या म्हटलं की एक तास हलवल्यावर दहा हलतात.

कंपोझर या अटी तर्कशास्त्राच्या वाक्यांत मांडतो. 'अमुक पॅकेजची १.४ घेतली तर तमुक पॅकेजच्या या तीनपैकी एक घेतलीच पाहिजे.' 'याची २ आणि याचीच ३ एकत्र नकोत.' अशी हजारो वाक्यं गोळा झाली की प्रश्न उरतो तो इतकाच, ही सगळी वाक्यं एकाच वेळी खरी ठरतील अशी निवड आहे का? संगणकशास्त्रात हा प्रश्न प्रसिद्ध आहे. स्टीफन कुक यांनी १९७१मध्ये दाखवलं की अवघड प्रश्नांचा एक भलामोठा वर्ग या एका प्रश्नात रूपांतरित करता येतो, आणि तो कायम झटपट सोडवेल अशी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. तरीही व्यवहारात येणारे बहुतेक प्रसंग हुशारीने सोडवता येतात. लिनक्सच्या जगात हे काम आधीच झालं होतं. ओपनसुसेच्या पॅकेज व्यवस्थेत जी सोडवणूक वापरत, तीच आडरमान यांनी पीएचपीत उतरवली. टर्मिनलवर एक क्षण काहीच हलत नाही तेव्हा हे काम चाललेलं असतं.

या सोडवणुकीची एक हकीकत मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. कंपोझरच्या सुरुवातीच्या वर्षांत 'अपडेट'ला लागणाऱ्या वेळाबद्दल सगळीकडे तक्रार होती. डिसेंबर २०१४मध्ये बोगियानो यांनी कोडमध्ये अगदी किरकोळ दिसणारा बदल केला. पीएचपीचा कचरावेचक, म्हणजे वापरात नसलेली मेमरी शोधून मोकळी करणारा भाग, त्यांनी हिशेबापुरता बंद केला. काहींचा वेळ त्याने निम्म्याहूनही खाली आला. कारण असं की कचरावेचक ठरावीक संख्येने नव्या वस्तू जमल्या की फेरी मारायला निघे. कंपोझर अटींसाठी अफाट वस्तू तयार करत होता आणि त्या सगळ्या वापरात होत्या, त्यामुळे प्रत्येक फेरी रिकाम्या हाताने परतायची आणि लगेच पुढची निघायची. सारा वेळ जिथे जात होता, तिथे तोवर कोणी नजर टाकली नव्हती. बातमी पसरली तेव्हा जगभरातून त्या एका बदलाखाली आनंदाच्या प्रतिक्रियांचा पाऊस पडला. पुढे २४ ऑक्टोबर २०२०ला आलेल्या कंपोझर २ने पॅकेजं एकाच वेळी समांतर उतरवायला सुरुवात केली आणि मेमरीची भूकही पुष्कळ कमी केली.

कधी कधी कोड्याला उत्तरच नसतं. समजा तुमच्या दुकानाच्या प्रकल्पात पावत्या बनवणारं एखादं जुनं पॅकेज आहे आणि त्याने लिहून ठेवलं आहे की मला इल्युमिनेटचा 'सपोर्ट' भाग १०च हवा. तुम्ही लारावेल १२ मागितलं. फ्रेमवर्क स्वतःमध्येच इल्युमिनेटचे सगळे भाग घेऊन येतं, तेही १२चे. दोन्ही अटी एकत्र पुऱ्या होत नाहीत. कंपोझर लाल अक्षरांत कळवतो की तुमच्या मागण्या पुरवणारा संच सापडला नाही, आणि खाली 'प्रॉब्लेम १' म्हणून कारण मांडतो. तो मजकूर लांब असतो, इंग्रजीत असतो, आणि बहुतेक जण तो न वाचताच खिडकी बंद करतात. तो वाचावा, आणि खालून वर वाचला तर लवकर कळतो. शेवटची ओळ सांगते कोणाची अट कोणाला आडवी आली. तरी उलगडा झाला नाही तर 'कंपोझर व्हाय-नॉट', पुढे पॅकेजचं नाव आणि हवी असलेली आवृत्ती, अशी कमांड आहे. ती अडवणाऱ्यांची यादी देते. 'कंपोझर व्हाय' याच्या उलट, एखादं पॅकेज आपल्याकडे कोणामुळे आलं ते सांगते. 'व्हेंडर'मध्ये अनोळखी नाव दिसलं की ही कमांड देऊन पाहावी.

अशा वेळी कोणीतरी सुचवतं की कमांडच्या शेवटी 'इग्नोअर-प्लॅटफॉर्म-रेक्स' लाव, होऊन जाईल. पीएचपीची आवृत्ती आणि एक्स्टेन्शनच्या अटी पाहूच नकोस, असा त्याचा अर्थ. हा सल्ला मला घातक वाटतो. अडवणूक तेवढी मागे ढकलली जाते, आणि मग ती टर्मिनलऐवजी ग्राहकासमोर, एखाद्या पानावर, एखाद्या दिवशी उगवते. नवी पीएचपी बसवणं किंवा एक्स्टेन्शन चालू करणं हे काही मिनिटांचंच काम असतं. ते करावं. लॅपटॉपवर पीएचपी ८.४ आणि सर्व्हरवर ८.२ असेल तर मागणीपत्रात 'कॉन्फिग'खाली 'प्लॅटफॉर्म' म्हणून सर्व्हरचा आकडा लिहून ठेवता येतो. मग कंपोझर लॅपटॉपवर बसूनही सर्व्हरला चालतील अशाच आवृत्त्या निवडतो.

उत्तर सापडलं की कंपोझर ते 'कंपोझर.लॉक' या फाईलमध्ये लिहितो. अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही फाईल. प्रत्येक पॅकेजचं नाव, नेमकी आवृत्ती, कोडच्या इतिहासातल्या नेमक्या बिंदूची खूण, असं सगळं तिच्यात असतं. लारावेलच्या सांगाड्यासोबत ही फाईल येत नाही, ती तुमच्या यंत्रावर त्या दिवशी तयार होते. म्हणून एकाच वर्गातल्या दोघींनी तीच कमांड महिनाभराच्या अंतराने दिली तर दोघींकडे काही पॅकेजं वेगळ्या आवृत्तीची असू शकतात, आणि दोघींनीही काही चुकलेलं नसतं.

इथून 'इन्स्टॉल' आणि 'अपडेट' यांतला फरक समोर येतो, आणि तो ठाऊक नसल्याने नुकसान झालेले प्रकल्प कमी नाहीत. 'कंपोझर अपडेट' कोडं नव्याने सोडवतो आणि लॉक फाईल बदलतो. 'कंपोझर इन्स्टॉल' लॉक फाईल असेल तर कोडं सोडवत बसत नाही, तिच्यात लिहिलेलं जसंच्या तसं आणतो. म्हणून लॉक फाईल गिटमध्ये ठेवायची, 'व्हेंडर' फोल्डर ठेवायचा नाही. प्रकल्पात नव्याने आलेल्या माणसाने 'इन्स्टॉल' करायचं, सर्व्हरवरही 'इन्स्टॉल'च. 'अपडेट' फक्त एकाने, ठरवून, आपल्या लॅपटॉपवर करायचं, चाचण्या चालवायच्या आणि बदललेली लॉक फाईल सगळ्यांना द्यायची. कंपोझर १च्या दिवसांत हा धडा अनेकांना कडक रीतीने मिळाला. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर 'अपडेट' दिलं की मेमरी संपून काम मध्येच मरायचं. तिथे मुळात 'अपडेट' द्यायचंच नव्हतं. सगळं एकदम अद्ययावत करण्याचीही गरज नसते. 'अपडेट'पुढे एका पॅकेजचं नाव लिहिलं की तेवढंच हलतं.

पॅकेजं उतरल्यावर आणखी काही ओळी सरकतात. मागणीपत्रातच 'स्क्रिप्ट्स' या नावाखाली काही कामं लिहिलेली असतात आणि कंपोझर ती करतो. नमुना फाईलवरून '.ईएनव्ही' ही गुप्त माहितीची फाईल तयार होते, तिच्यात नवी 'अ‍ॅप की' भरली जाते, आणि लारावेल ११पासून एसक्यूलाइटचा रिकामा डेटाबेस उघडून त्यात सुरुवातीची टेबलं मांडली जातात. म्हणूनच मायएसक्यूएल न लावताही पहिलं पान चालतं. सोय उत्तम आहे, पण तिचा अर्थ असाही होतो की पॅकेज मॅनेजर आपल्या यंत्रावर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड चालवतो. लिनक्सवर 'रूट' म्हणून कंपोझर चालवला तर तो सावध करतो, ते यासाठी. कंपोझर २.२पासून एखादं पॅकेज प्लगइन म्हणून कंपोझरमध्येच शिरू पाहत असेल तर तो आधी परवानगी विचारतो. नाव ओळखीचं नसेल तर हो म्हणण्यापूर्वी पॅकेजिस्टवर ते पॅकेज कोणाचं आहे ते पाहावं.

परावलंबन किती खोल जातं हे २२ मार्च २०१६ला जगाला दिसलं, एनपीएमच्या बाजूला. 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एका वादानंतर मागे घेतलं. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं एवढंच त्याचं काम. पण कोणाच्या तरी कोणाच्या तरी खाली ते बसलेलं होतं, आणि जगभरची मोठमोठी कामं काही तास अडून राहिली. एनपीएमने नंतर पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. कंपोझरच्या जगातही कोड लेखकाच्या गिटहब खात्यावर असतो, म्हणून मोठ्या कंपन्या स्वतःची प्रत जवळ ठेवतात. एकट्याने काम करणाऱ्याला निदान 'कंपोझर ऑडिट' देता येतं. २.४पासून आलेली ही कमांड बसवलेल्या प्रत्येक पॅकेजच्या आवृत्तीत सुरक्षेची ज्ञात उणीव आहे का, ते तपासून सांगते. महिन्यातून एकदा ती चालवायला अक्षरशः काही सेकंद लागतात.

राहिला सर्व्हर. तिथे कमांड द्यायची 'कंपोझर इन्स्टॉल', आणि शेवटी 'नो-डेव्ह'. चाचण्यांसाठीची पॅकेजं त्यामुळे तिथे उतरत नाहीत. हे का महत्त्वाचं, याचं उदाहरण पीएचपीयुनिटचं आहे. त्याच्या काही जुन्या आवृत्त्यांमध्ये अशी एक फाईल होती की ती ब्राउझरमधून उघडता आली तर बाहेरचा माणूस त्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत असे. २०१७मध्ये ही उणीव नोंदली गेली, आणि कितीतरी वर्षांनंतरही सर्व्हरच्या नोंदींमध्ये त्या फाईलचा पत्ता शोधत फिरणारे बॉट दिसतात. त्यांना ती सापडायची दोन कारणं असतात. एक म्हणजे चाचणीची पॅकेजं सर्व्हरवर गेली, आणि दुसरं, अधिक गंभीर, वेब सर्व्हरचं दार प्रकल्पाच्या मूळ फोल्डरात उघडलं. लारावेलमध्ये बाहेरच्या जगासाठी फक्त 'पब्लिक' हा फोल्डर आहे. वेब सर्व्हरचं मूळ तिथेच रोखायचं. सी-पॅनेलच्या होस्टिंगवर घाईत सगळा प्रकल्प 'पब्लिक_एचटीएमएल'मध्ये टाकला, तर '.ईएनव्ही' फाईलही पत्ता टाईप करून वाचता येऊ शकते. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो आणि ती अ‍ॅप कीसुद्धा.

आणि सगळं बरोबर करूनही सर्व्हरवर 'क्लास सापडला नाही' असा संदेश आला, तर फाईलचं नाव अक्षर न् अक्षर तपासा. पीएसआर-४प्रमाणे क्लासचं आणि फाईलचं नाव एकच असावं लागतं, लहान-मोठ्या अक्षरांसकट. विंडोज हा भेद मानत नाही, म्हणून लॅपटॉपवर चालतं. लिनक्स मानतो. नाव सुधारून, गिटला तो बदल कळला आहे याची खात्री करून, सर्व्हरवर 'कंपोझर डंप-ऑटोलोड' दिलं की कंपोझर क्लासची यादी पुन्हा बनवतो आणि पान उघडतं.